घाम आमचा, नाव कुणाचे?

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्याचे बाजारपेठेचे गाव आहे. विदर्भातल्या अशा कोणत्याही गावात बाजाराच्या दिवशी एक फेरी मारावी, म्हणजे या देशाची अर्थव्यवस्था पुस्तक न उघडता समजते. रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसलेला चर्मकार चपला शिवत असतो. मातंग समाजाची म्हातारी झाडू आणि दोर विकत असते. बचत गटाच्या बायका तिखट, हळद, पापड, शेवया घेऊन बसलेल्या असतात. माल यांचा, मेहनत यांची आणि उन्हात बसणेही यांचेच. पण त्या मालावर यांचे नाव नसते. जरा पुढे पक्क्या दुकानात गेले की तेच तिखट रंगीत पुड्यात मिळते. त्या पुड्यावर नाव असते, चिन्ह असते आणि भावही चढा असतो. नाव ज्याचे, नफा त्याचा, हा बाजाराचा साधा नियम आहे. आमच्या समाजाला तो कुणी शिकवला नाही आणि चळवळीनेही त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. म्हणून आज आम्ही व्यापारचिन्हाच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या, प्रश्नावर लिहीत आहोत. हा विषय व्यापाऱ्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो जुना आहे.

याच बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. ज्या चोखोबाला पंढरीच्या देवळाची पायरी ओलांडू दिली नाही, त्या चोखोबाने आपल्या अभंगात 'चोखा म्हणे' अशी नाममुद्रा कोरून ठेवली. ती नाममुद्रा नसती तर काय झाले असते, याचा विचार करा. ते अभंग कुणा उच्चवर्णीयाच्या नावावर केव्हाच जमा झाले असते आणि आज आम्हाला ते आमचे म्हणून सांगताही आले नसते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली आपला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. या तिन्ही नावांपर्यंत बाबासाहेब पोहोचू शकले, कारण ती नावे पुसली गेली नव्हती. कवीची नाममुद्रा आणि कारागिराचे व्यापारचिन्ह यांचे मूळ काम एकच आहे. ही वस्तू कुणाच्या हातची आहे, हे जगाला सांगणे. फरक एवढाच की नाममुद्रा लोकांच्या ओठावर टिकली, आणि व्यापारचिन्ह टिकवायचे तर ते सरकारी दप्तरात नोंदवावे लागते.

या नोंदीचे महत्त्व काय, ते कोल्हापुरी चपलेने २०२५ साली साऱ्या महाराष्ट्राला शिकवले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात 'प्राडा' या बड्या फॅशन कंपनीने आपल्या प्रदर्शनात पुरुषांच्या पायात जी पायताणे दाखवली, ती हुबेहूब कोल्हापुरी चपलेसारखी होती. कंपनीने त्यांना केवळ चामड्याची सँडल म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, महाराष्ट्राचे नाव नाही आणि चर्मकाराचे तर नाहीच नाही. त्यावर गदारोळ झाला. मग कंपनीने या पायताणांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे मान्य केले. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या अस्मितेचे अनेक कैवारी जागे झाले. आमचा त्यांना एकच प्रश्न आहे. कोल्हापुरी चपलेची अस्मिता तुम्हाला आठवली, ती चप्पल शिवणाऱ्याची आठवण तुम्हाला इतकी वर्षे का झाली नाही? ज्याच्या हाताने शिवलेली चप्पल तुम्ही अभिमानाने पायात घातली, त्याला तुमच्या गावाच्या वेशीबाहेर कुणी ठेवले होते?

इतिहास असा आहे की या धंद्याला राजर्षी शाहू महाराजांनी उत्तेजन दिले. ढोर समाजाने कातडी कमावली, चर्मकार समाजाने ती कापली, ठोकली, शिवली, आणि त्यांच्या घरातील स्त्रियांनी वेण्या आणि नक्षी घातली. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावण्याची विद्या या लोकांच्या हातात होती. ती कोणत्याही विद्यापीठाने शिकवली नाही आणि कोणत्याही शास्त्रात लिहिली नाही. उलट शास्त्राने या विद्येला विटाळ ठरवले. कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी असे चपलांचे प्रकार झाले आणि प्रत्येक प्रकाराला नाव मिळाले. शिवणाऱ्याला मात्र मिळाली ती फक्त जात.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. हे मानांकन देणारा कायदा १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईला आहे. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे धरले गेले. मानांकनाचे नोंदणीकृत मालक कोण? महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास निगम. दोन्ही सरकारी संस्था आहेत. चर्मकाराच्या कल्याणासाठी त्या काढल्या गेल्या, हे आम्ही नाकारत नाही. पण कागदावर मालक महामंडळ आहे आणि चर्मकार हा त्या नावाचा 'अधिकृत वापरकर्ता' होऊ शकतो, तोही स्वतः अर्ज केला तर. हा बारकावा नीट समजून घेतला पाहिजे.

कारण याच बारकाव्यावर पुढचे प्रकरण अडले. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी जनहित याचिका दाखल केली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, मानांकनाचे जे नोंदणीकृत मालक आहेत त्यांनी स्वतः दाद मागावी, त्रयस्थाला हा दावा लढवता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत मालक किंवा नोंद झालेला अधिकृत वापरकर्ता यांनाच हक्कभंगाचा दावा करता येतो. म्हणजे ज्याचे नाव रजिस्टरात आहे तोच न्यायालयाच्या दारात उभा राहू शकतो. ज्याच्या चार पिढ्या चपला शिवण्यात गेल्या, पण ज्याचे नाव रजिस्टरात नाही, तो बाहेरच. देवळाच्या दारात चोखोबाला अडवले गेले ते जातीमुळे. येथे दार जातीने बंद केलेले नाही, पण नोंदीअभावी ते उघडतही नाही. आणि हे दार उघडण्याचा खर्च किती? २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज करण्याचे शुल्क अवघे १० रुपये झाले. १० रुपयांत मिळणारा हक्क आमच्या वस्तीपर्यंत पोहोचत नसेल, तर दोष पैशाचा नाही, माहितीचा आणि संघटनेचा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा आणि ही दोन्ही महामंडळे यांच्यात करार झाला. कोल्हापुरी चपलेपासून स्फूर्ती घेतलेले सुमारे २,००० जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात तयार होतील, त्यांची किंमत जोडामागे सुमारे ८०० युरो असेल आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ते विक्रीला येतील, असे त्यावेळी जाहीर झाले. कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही भाषा करारात आली. या कराराचे आम्ही आंधळे स्वागत करणार नाही आणि आंधळा विरोधही करणार नाही. आमची मागणी साधी आहे. ८०० युरोंपैकी शिवणाऱ्याच्या हातात किती पडले, ते महामंडळाने जाहीर करावे. चपलेसोबत कारागिराच्या गावाचे आणि नावाचे पत्र जाते की नाही, ते सांगावे. अधिकृत वापरकर्त्यांची गावनिहाय यादी चर्मकार वस्त्यांमधून वाचून दाखवावी. महामंडळ हे चर्मकारांचे विश्वस्त आहे. विश्वस्ताने हिशोब द्यायचा असतो.

या प्रकरणातील आणखी एक गोष्ट भावनेच्या भरात विसरली गेली. जीआय हे नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नाव वापरलेच नव्हते. शिवाय भारतातले मानांकन इटलीत आपोआप लागू होत नाही, तेथे वेगळी नोंद लागते. आकाराचे रक्षण करणारा डिझाईन कायदा २००० साली झाला, पण त्यात नवे डिझाईनच नोंदवता येते. शेकडो वर्षांची चप्पल नवी कशी ठरणार? म्हणजे पूर्वजांचे शहाणपण कायद्याच्या दृष्टीने सर्वांचे ठरते, आणि त्या शहाणपणावर कंपनीने नवे नाव लावले की ते नाव मात्र तिचे एकटीचे होते. बौद्धिक संपदेच्या कायद्यांचा हा एकांगीपणा आहे आणि त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण आवाज उठवीत असताना आज जे हत्यार उपलब्ध आहे ते गंजत ठेवण्यात कोणते शहाणपण?

आता पुन्हा धामणगाव बढे येथे येऊ. तेथला चर्मकार अंगठ्याची, पट्ट्याची, अगदी कोल्हापूरच्या तोडीची चप्पल शिवू शकेल. पण त्याने त्या चपलेवर 'कोल्हापुरी' लिहून विकली तर तो कायद्याने चुकीचा ठरेल, कारण बुलढाणा जिल्हा त्या आठ जिल्ह्यांत नाही. कोल्हापूरच्या भावाचे संरक्षण झाले म्हणून विदर्भातल्या भावाचे झाले, असे होत नाही. मग त्याने काय करावे? त्याने स्वतःचे नाव करावे. आणि तेच व्यापारचिन्हाचे क्षेत्र आहे. जीआय हे प्रदेशाचे असते, व्यापारचिन्ह हे माणसाचे, कुटुंबाचे किंवा संघाचे असते. ते धामणगावच्या चर्मकाराला मिळू शकते आणि मुंबईच्या कारखानदारालाही. कायद्यात दोघांत फरक नाही.

समजा, धामणगाव बढ्यातील आमच्या भगिनींच्या एका बचत गटाने तिखट-मसाला सुरू केला. माल चांगला निघाला, मोताळा-मलकापूरपर्यंत नाव झाले. उद्या एखाद्या पैसेवाल्याने तेच नाव, तसाच पुडा छापून हलका माल बाजारात आणला, तर भगिनींनी काय करायचे? नाव नोंदवलेले नसेल तर कायदा अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. नोंद नसलेल्या नावासाठीही दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवल्याबद्दल दावा करता येतो. पण मग हे नाव आम्ही केव्हापासून वापरतो, गिऱ्हाईक ते आमचे म्हणून ओळखते आणि नक्कलेने त्याची फसगत होते, हे सर्व पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. बिले कुठे, जाहिराती कुठे, हिशोबाच्या वह्या कुठे? नाव नोंदवलेले असेल तर ते प्रमाणपत्रच प्रथमदर्शनी पुरावा होते. आणखी एक मोठी सोय अशी की, १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १३४ नुसार नोंदणीकृत चिन्हाच्या मालकाला, तो जेथे राहतो किंवा धंदा करतो, तेथल्याच जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. नक्कल करणारा इंदूरचा असो की सुरतेचा, त्याला बुलढाण्याला यावे लागेल. गरिबाला हा केवढा मोठा आधार आहे! नक्कल करणे हा फौजदारी गुन्हाही आहे. मात्र एक लक्षात ठेवावे. या कायद्याखाली झडती आणि जप्ती गावच्या ठाणेदाराला स्वतःच्या अधिकारात करता येत नाही. पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला ती करता येते, तीही निबंधकाचे मत घेऊन. म्हणून नुसते ठाण्यावर जाऊन हात हलवीत परत येण्यापेक्षा अर्ज कुठे द्यायचा ते माहीत असावे.

नोंदणीची रीत अवघड नाही. व्यापारचिन्ह नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे, पण अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. आधी त्याच संकेतस्थळावर शोध घ्यावा आणि आपल्याला हवे असलेले नाव किंवा त्याच्यासारखे नाव आधी कुणी घेतले आहे का ते पाहावे. हा शोध फुकट आहे. साऱ्या वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग पाडलेले आहेत. चपला आणि कपडे २५ व्या वर्गात, चामड्याच्या पिशव्या १८ व्या वर्गात, मसाले ३० व्या वर्गात, छापील पुस्तके १६ व्या वर्गात, गायनाचे कार्यक्रम ४१ व्या वर्गात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर संगणकावरून केलेल्या अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर तपासणी होते. हरकत निघाली तर तिला मुदतीत उत्तर द्यावे लागते, आणि येथेच आमचे बरेच लोक घसरतात. कारण पत्राकडे लक्ष दिले नाही की अर्ज सोडून दिला असे समजले जाते. त्यानंतर चिन्ह सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. चार महिन्यांत कुणी विरोध नोंदवला नाही तर नोंद पक्की होते. ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कायम ठेवता येते. पेटंट संपते, लेखनहक्क संपतो, पण व्यापारचिन्ह सांभाळले तर नातवाच्या नातवापर्यंत जाते. जमीन नसलेल्या समाजाला वारसाहक्काने देता येईल अशी ही मालमत्ता आहे. मात्र नोंदवून कपाटात ठेवले आणि पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर दुसऱ्याच्या अर्जावरून ते काढूनही टाकता येते.

नाव निवडतानाही डोके वापरावे. 'शुद्ध', 'गावरान', 'उत्तम' असे गुणवाचक शब्द किंवा नुसते गावाचे नाव कायदा एकट्याला सहजासहजी देत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या शेगावच्या कचोरीचे उदाहरण घ्या. त्या कचोरीच्या नावाच्या गाड्या आज महाराष्ट्रात कुठेही दिसतात. गावाचे नाव सर्वांचे असते, म्हणून ते कुणाचेच राहत नाही. तेव्हा आपले असे वेगळे नाव शोधावे. नोंद होईपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहिता येते, पण नोंद झाल्याशिवाय वर्तुळातले 'आर' हे चिन्ह छापू नये, तसे करणे दंडास पात्र आहे. आणि पहिल्या दिवसापासून बिले, पुड्याचे नमुने, जाहिरातीची पत्रके जपून ठेवावीत. तामिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले की, दोघांकडेही नोंद असली तरी ज्याने नाव आधीपासून वापरले त्याचा हक्क वरचढ. त्या हलव्याच्या दुकानाने एका बाईच्या नावाने लढून आपले नाव राखले. पण आधीपासूनचा वापर सिद्ध करता आला, म्हणूनच ते राखता आले.

कुणी म्हणेल, हा सारा भांडवलशाहीचा खेळ आहे, एकेका माणसाने आपले नाव करावे, पुढे जावे आणि समाजाला विसरावे. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर कायद्यातच आहे. सामूहिक व्यापारचिन्ह अशी एक सोय त्यात केलेली आहे. संघटनेने ते चिन्ह घ्यायचे, नियम ठरवायचे आणि त्या नियमांप्रमाणे माल करणाऱ्या प्रत्येक सभासदाने ते वापरायचे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच 'लिज्जत' हे नाव उभे राहिले. त्या नावामागे कुणी शेठ नाही, पापड लाटणाऱ्या बहिणीच त्या संस्थेच्या मालक आहेत. बायकांचे हात आणि एक सांभाळलेले नाव यांनी काय होते, ते येथे दिसते. मग मोताळा तालुक्यातील सगळ्या बचत गटांचे मिळून एक नाव का होऊ नये? बुलढाणा जिल्ह्यातील चर्मकारांचा संघ होऊन त्याचे एक चिन्ह का असू नये?

दुसरी शंका चळवळीतूनच येते आणि ती अधिक गंभीर आहे. बाबासाहेबांनी जातीने लादलेले धंदे सोडा असे सांगितले. मेलेली ढोरे ओढू नका, खेडी सोडा, शिका, असे सांगितले. मग आम्ही चपलेला आणि कातड्याला पुन्हा कुरवाळायचे काय? आमचे उत्तर असे आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. त्यांचा विरोध चामड्याला नव्हता. जन्माने एखाद्याला चामड्याशी जखडण्याला आणि त्यासाठी त्याला हीन लेखण्याला होता. ज्याला धंदा सोडायचा आहे त्याच्या मुलाने खुशाल डॉक्टर व्हावे, कलेक्टर व्हावे, चळवळ त्याच्या पाठीशी आहे. पण पाहा काय घडले. चामड्याचे काम हाताने होत होते तोवर ते अस्पृश्यांचे होते. त्यात यंत्र आले, भांडवल आले, निर्यात आली, तेव्हा त्याला 'उद्योग' म्हणू लागले आणि त्याच्या मालकीच्या खुर्चीत दुसरेच लोक येऊन बसले. आमच्याकडे विटाळ राहिला, त्यांच्याकडे ब्रँड गेला. धंदा सोडणे हा स्वाभिमान आहे, पण धंद्यातली मिळकत दुसऱ्याच्या हवाली करून रिकाम्या हाताने बाहेर पडणे हा स्वाभिमान नाही.

आणि हा विटाळ अजून संपलेला नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि कातड्याचा पुरवठा आटला, त्याचा मार कोल्हापूरच्या चर्मकाराला बसला. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले. चपलेचा अभिमान बाळगायचा आणि कातडे सोलणाऱ्याला चाबकाने फोडून काढायचे, ही या संस्कृतीची नीती आहे. अशा वेळी मुंबईत सुधीर राजभर या तरुण कलावंताने चर्मकार कारागिरांना सोबत घेऊन पिशव्यांचा व्यवसाय उभा केला आणि त्याचे नाव ठेवले 'चमार स्टुडिओ'. जो शब्द शिवीसारखा तोंडावर फेकला जात होता, तोच त्याने मालाच्या माथ्यावर लावला. नावात किती ताकद असते, हे ज्यांना अजून पटले नसेल त्यांनी याचा विचार करावा.

आमच्या कलावंतांनीही सावध व्हावे. महाकवी वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहिली आणि अनेक गीतांच्या शेवटी 'वामन' ही आपली नाममुद्रा ठेवली. तरीही त्यांची गीते किती मंचांवरून, किती कॅसेटांवरून त्यांचे नाव न घेता गायली गेली, हे वाचकांना ठाऊक आहे. १५ मे २००४ रोजी ते गेले. कायद्याप्रमाणे त्यांच्या गीतांचा लेखनहक्क मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत, आहे. येथे एक फरक समजून घ्यावा. गीत, पुस्तक, चाल यांना लेखनहक्काचा कायदा लागतो आणि तो हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. गायन पार्टीचे नाव, प्रकाशन संस्थेचे नाव, तिचे बोधचिन्ह यांना व्यापारचिन्हाचा कायदा लागतो. पार्टी फुटली की दोन्ही गट तेच नाव लावून सुपाऱ्या घेतात आणि भांडत बसतात. नाव कुणाचे, हे आधीच कागदावर आले असते तर भांडण उभेच राहिले नसते. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणाऱ्या आमच्या छोट्या प्रकाशकांनीही हे ध्यानात घ्यावे.

यासोबत एक मर्यादाही सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. 'जय भीम' हा कुणाच्या मालाचा शिक्का नाही. तथागत बुद्ध, बाबासाहेब, माता रमाई, निळा झेंडा ही सर्व समाजाची ठेव आहे. त्यावर एकट्याची मालकी सांगायला कुणी, मग तो आपला असो की परका, पुढे आला तर त्याला विरोध झाला पाहिजे. लोकांच्या धार्मिक भावना दुखावतील अशी चिन्हे नोंदवू नयेत, असे कायद्याचे कलम ९ सांगते. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याचे म्हणून मागणाऱ्याला २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. धर्मग्रंथाच्या नावावर कुणाला अशी मक्तेदारी मागता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हाच न्याय आम्हीही मागू शकतो. पण त्यासाठी जर्नलवर नजर ठेवावी लागेल आणि चार महिन्यांच्या मुदतीत विरोध नोंदवावा लागेल. आमच्या समाजात आता वकील कमी नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात दोघा-चौघांनी हे काम वाटून घेतले तरी पुरे.

दलित उद्योजकांची संघटना 'डिक्की' २००५ साली पुण्यात स्थापन झाली. सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठेवण्याचे धोरण २०१२ साली आले. ही दारे उघडी आहेत, पण त्यांतून आत जायला आपल्या मालाला आपले नाव हवे. दुसऱ्याच्या नावाने माल पुरवणारा कितीही मोठा झाला तरी तो मजूरच राहतो.

शेवटी आम्ही एक व्यवहाराची सूचना करतो. १४ एप्रिलला धामणगाव बढ्यापासून मुंबईपर्यंत गावोगाव जयंती साजरी होते. मिरवणूक, मंडप, ध्वनिक्षेपक यांवर किती खर्च होतो, तो आकडा आम्ही लिहीत नाही, प्रत्येक मंडळाने तो स्वतःच आपल्या वहीत पाहावा. त्या खर्चातून यंदा फक्त ४,५०० रुपये बाजूला काढावेत. आपल्या वस्तीतील एक चर्मकार, एक बचत गट किंवा एक गायन पार्टी निवडावी आणि तिच्या नावाची नोंदणी मंडळाच्या खर्चाने करून द्यावी. वस्तीत शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर त्यांनी अर्ज भरावा, जवळच्या वकिलाने तो तपासावा आणि आलेल्या पत्रांना वेळेत उत्तर द्यावे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा बाबासाहेबांचा आदेश आपण भिंतीवर लिहितो. कायदा शिकणे, संघाचे चिन्ह करणे आणि नक्कल करणाऱ्याला जिल्हा न्यायालयात खेचणे, हाही त्याच आदेशाचा भाग आहे. पुढच्या जयंतीला ज्या मंडळाच्या मंचावर असे एक प्रमाणपत्र वाटले जाईल, त्या मंडळाने आम्हाला जरूर कळवावे. त्याची बातमी आम्ही याच पानावर आनंदाने छापू.